कुशावतीच्या काठी परिषद भरवायची तर

आमच्या इतिहास मंडळाच्या गेल्या बैठकीत एक उत्साही सूचना पुढे आली. जवळपासच्या मराठी शाळांची एक प्रादेशिक परिषद आपण भरवावी, विषय प्राचीन शिलाचित्रे हा असावा आणि परिषदेस जोडून उसगाळीमळ येथे स्थलदर्शन व्हावे, अशी ती सूचना होती. दहावीच्या वर्गाने कार्यक्रमपत्रिकाही सिद्ध करून आणली होती. सकाळी उद्घाटन व भाषणे, दुपारी भोजन, भोजनोत्तर नदीकाठी सहल. पत्रिकेतील अक्षर सुंदर होते, हे प्रथमच सांगून टाकतो, कारण त्या पत्रिकेतील बहुतेक सर्व पुढे आम्हांस खोडावे लागले.

उसगाळीमळ हे स्थान सांगे तालुक्यात, रिवण गावाजवळ, कुशावती नदीच्या काठावर आहे. तेथील जांभ्याच्या सपाट कातळावर शंभराहून अधिक आकृती कोरलेल्या आहेत. त्यांत बैल आहेत, हरणे आहेत, मानवाकृती आहेत, आणि एकात एक गुंफलेल्या वर्तुळांचा एक भुलभुलैयाही आहे. १९९३ साली पुरातत्त्वज्ञ डॉ. प्र. पां. शिरोडकर यांच्यामुळे हे स्थान अभ्यासकांच्या नकाशावर आले. गावच्या गुराख्यांना ते तत्पूर्वी अज्ञात होते असे मात्र कोणी समजू नये.

आता पत्रिकेकडे वळू. रंगवलेले चित्र भर दुपारी दिसते. मध्यप्रदेशातील भीमबेटका येथे गेरूसारख्या खनिज रंगांनी काढलेली चित्रे आहेत. नीमच येथे जन्मलेले आपले मराठी संशोधक विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली ती उजेडात आणली आणि २००३ साली ते स्थान जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथे रंग आहे, म्हणून दिसणे आहे. आपल्याकडे रंग नाही, केवळ रेघ आहे. रेघ दिसते ती तिच्यात पडलेल्या सावलीमुळे. सूर्य डोक्यावर आला की सावली नाहीशी होते आणि डोळ्यांसमोर बैल असूनही पाहणाऱ्यास नुसता खडबडीत दगड दिसतो. तेव्हा भोजनोत्तर सहल म्हणजे आंधळी सहल. ऊन तिरपे असते त्या वेळी, म्हणजे सकाळी लवकर, स्थलदर्शन आणि दुपारी भाषणे, असा क्रम आम्ही उलटवला. भाषण उन्हाची वाट पाहत नाही. फार तर झोपेची पाहते.

ऋतूचेही तसेच. पावसाळ्यात कुशावती चढते, कातळ पाण्याखाली जातो व ओसरल्यावर त्यावर गाळ साचलेला असतो. म्हणून डिसेंबर अथवा जानेवारी हेच महिने योग्य. फेब्रुवारीत मुख्याध्यापक कोणासही शाळेबाहेर सोडणार नाहीत, हे निराळे सांगणे नको.

यापुढील गोष्ट सांगताना आम्हांस संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका वर्गास एका कोरीव कातळावर नेले होते. छायाचित्रात रेघा उठून दिसेनात, तेव्हा आम्हीच खिशातला खडू काढून मुलांच्या हाती दिला. मुलांनी दोन आकृती पांढऱ्या केल्या, छायाचित्र उत्तम आले आणि ते आम्ही वर्गात लावलेही. पुढे वाचनात आले की अशा भरण्याने कोरीव रेघेचा मूळ काठ झिजतो. शिवाय एकाने चुकीची रेघ पांढरी केली की पुढचे सर्वजण तीच खरी मानून चालतात. आमच्या मुलांनी एका हरणास एक पाय अधिक दिला होता, हे आम्हांस छायाचित्र नीट निरखल्यावर उमगले. ते छायाचित्र आम्ही उतरवून ठेवले आहे. परिषदेत ते पहिल्या सत्रात दाखवावे असा आमचा आग्रह आहे. सहशिक्षक त्यास नको म्हणतात.

सबब स्थलदर्शनाचे नियम कडक राहतील. दहा दहांच्या तुकड्या, पादत्राणे काठावर, आकृतींवर पाय नाही, खडू नाही, चुना नाही, पाणी ओतणे नाही. कागद दगडावर ठेवून घासून ठसा घेणेही नाही. आकृतीच्या बाजूला मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे व चौकटीच्या वहीत प्रमाणाने चित्र उतरवावे.

काळाविषयी मुलांनी पत्रिकेत 'दहा हजार वर्षांपूर्वीची कला' असे ठोकून दिले होते. ते खोडून आम्ही तेथे 'प्राचीन' एवढेच लिहिले. कार्बन पद्धतीने वय काढण्यास कोळसा, हाड असा सेंद्रिय अंश लागतो. दगडातील खाचेत तो सापडत नाही. म्हणून अभ्यासक आकृतींची शैली, रेघांची झीज, जवळपास मिळणारी दगडी हत्यारे यांवरून अनुमान करतात. कोणी ही चित्रे मध्याश्मयुगीन म्हणतात, कोणी पुष्कळ अलीकडची. रत्नागिरी जिल्ह्यातील कातळशिल्पांत गेंडा आढळतो, आणि आज कोकणात गेंडा नाही. एवढ्या एका प्राण्यावरून काय सिद्ध होते व काय होत नाही, यावर एक पूर्ण सत्र ठेवले आहे. आमच्या मते परिषदेचे ते सर्वांत मोलाचे सत्र ठरेल.

रत्नागिरीचा उल्लेख झालाच आहे, तर आणखी एक. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे प्रभृतींनी तेथील सडे पायी तुडवून शेकडो आकृती शोधल्या. २०२२ साली रत्नागिरीची सात, सिंधुदुर्गातील कुडोपी व गोव्यातील फणसायमळ अशी नऊ स्थाने युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. त्यांतील बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला मनुष्य आहे. त्याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती तपासण्याचे काम २०२३ साली सुरू झाले, तेव्हा गावकरी आंदोलनास उतरले होते. इतक्या दूर सर्वांना नेणे शक्य नाही. म्हणून गणिताच्या शिक्षकांनी एक युक्ती सुचवली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद आहे. तो शाळेच्या पटांगणात फक्कीने पूर्णाकृती आखावा. खो-खोचे अर्ध्याहून अधिक मैदान तो व्यापील. इतका मोठा हत्ती जमिनीवर उभे राहून, वरून न पाहता, प्रमाणात कसा काढला असेल, हा प्रश्न दोरी हाती घेतल्याशिवाय कळत नाही. फक्की येथे चालेल. पटांगण पुन्हा झाडता येते.

पाहुण्यांच्या यादीत प्राध्यापकांची नावे होती, गावातील कोणाचेच नव्हते. नदीकाठच्या दोन वृद्धांना आम्ही बोलावणार आहोत. ते कोंकणीत बोलतील. आमची घरची बोली तीच असल्याने दुभाष्याचे काम आमच्याकडे आले आहे. बेळगावहून येणाऱ्या मुलांसाठी आम्ही ते मराठीत सांगू, परंतु टिपणात त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवले जातील.

एक बाब अद्याप सुटलेली नाही. सकाळच्या उन्हासाठी बस साडेपाचला सोडावी लागेल, आणि बेळगावची मंडळी आदल्या रात्री मुक्कामास येणार. त्यांच्या निजण्याची सोय दोन वर्गांत होईल की सभागृहात, याचा विचार नववीने करावा आणि सहामाही परीक्षेपूर्वी आम्हांस कळवावे.