सर्पगंधा : शामक मूळ व त्याचे धोके

सर्पगंधा अथवा अडकई हे ओलसर, सावलीच्या वनांत वाढणारे लहान झुडूप होय. कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात ते आढळते. पाने एका पेऱ्यावर तीन किंवा चार येतात. फुले पांढरी वा फिकट गुलाबी, त्यांचे देठ लाल, आणि पिकलेली फळे जांभळट काळी असतात. औषधी उपयोग मुळांचा. बिहारात हे मूळ ‘पागल की दवा’ म्हणून विकले जात असे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील त्याच्या गुणांविषयीचा लेख १९४९ साली प्रसिद्ध केला, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले.

मूळ मन शांत करते व झोप आणते हे खरे. परंतु त्याचा परिणाम सावकाश दिसतो आणि सावकाशच ओसरतो. पहिल्या काही दिवसांत गुण न आल्यास घरची माणसे मात्रा वाढवितात, आणि अपाय होतो तो येथेच. नाक चोंदणे, नाडी मंद होणे, उठताना भोवळ येणे ही प्रारंभीची लक्षणे होत. पुढे जठरव्रण चिघळतो. अधिक गंभीर म्हणजे, दीर्घकाळ घेणाऱ्या काहींना पराकाष्ठेची खिन्नता येऊन जीव नकोसा होतो. ती शांतता समजून घरच्यांनी फसू नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना हे मूळ मुळीच देऊ नये. आज डॉक्टरही रक्तदाबावर हे औषध क्वचितच देतात.

नावावरून कित्येकजण ते सर्पदंशावर उगाळून देतात. विषावर त्याचा उतारा नाही. रुग्णालय गाठण्याचा वेळ मात्र जातो.

वनातील झाड मुळासकट उपटले की ते संपलेच. म्हणून लागवड करणे इष्ट. बी ताजे घ्यावे, कारण जुने फारसे उगवत नाही. सुमारे दीड वर्षाने, हिवाळ्यात पानगळ झाल्यावर मुळे खणावीत. द्रव्याचा बहुतेक अंश सालीत असल्याने साल खरवडू नये. सुकविलेली मुळे चिठ्ठी लावून, धान्य व मसाल्यापासून दूर, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत. कोणी ती खाल्ल्याचे कळल्यास उरलेला तुकडा बरोबर घेऊन रोग्यास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.