फायनल ॲनिमेशन प्रोजेक्ट: आधी हिशेब, मग चित्रं

नांदगावला घरी बसून कोर्सचा शेवटचा प्रोजेक्ट करताय? विषय तुमचा, वेळापत्रक तुमचं, रोज विचारायला सर नाहीत. अशी कामं रखडतात ती बरेचदा हिशेब न केल्यामुळे. ऑर्डर घेताना जे करतो, तेच इथे करायचं.

१) हिशेब मांडा. फिल्मच्या एका सेकंदात २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं. म्हणजे ३ मिनिटांना २,१६० चित्रं. रोज १२ चित्रं होत असतील तर १८० दिवस! हातात दोनच महिने असतील तर ३० सेकंदांची फिल्म घ्या. ३६० चित्रं, ३० दिवस. उरलेला महिना गोष्ट, आवाज आणि दुरुस्तीला.

२) गोष्ट आधी लावून बघा. आपल्या पिंगुळीचे चित्रकथी कलाकार एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगतात. तसंच करा. कच्ची चित्रं ओळीने लावा, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून त्यावर बसवा. यालाच ॲनिमॅटिक म्हणतात. नको असलेला शॉट इथेच काढा. रंगवून झाल्यावर तो काढायला जीव होत नाही.

३) एकेक शॉट पूर्ण करा. ज्याच्याशिवाय गोष्ट कळणार नाही, तो शॉट पहिला. पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून सेव्ह करत राहा आणि रोज पेनड्राइव्हवर कॉपी घ्या. क्रिटा, ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

४) छोटं असू दे, पण पुरं असू दे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतलं वाटाण्याचं रोप वाढताना रोज थोडं थोडं चित्रित केलं. पडद्यावर रोप भराभर वाढलं! तो छोटासा तुकडा दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. उद्या तुम्ही होमस्टेवाल्याकडे किंवा काजू कारखान्यात जाहिरातीचं काम मागायला जाल, तेव्हा तो तुमची पुरी झालेली ३० सेकंद बघेल. अर्धवट ३ मिनिटं बघायला त्याला वेळ नाही.

आजचा गृहपाठ: घड्याळ लावून एक तास चित्रं काढा, किती झाली ती मोजा. फिल्म किती सेकंदांची करायची, ते त्या आकड्यावरून ठरवा.