पोराला दुधातून देऊ का, सर?

ज्यांची मुलं मैदानावर घाम गाळतात अशा आई-बाबांशी आज जरा बोलायचंय. मी आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली, तेव्हा उपदेशाची खोड आहेच, सांभाळून घ्या.

मागच्या पावसाळ्यात एक पालक पोराला घेऊन घरी आले. पिशवीतून काळा प्लास्टिकचा डबा काढून टेबलावर ठेवला. "जिममधल्या दादानं दिलाय. दुधातून देऊ का, सर?" पोरगा चौदाचा, आठशे मीटर पळणारा. मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. निम्मी नावं कळली नाहीत, आणि शेवटी 'प्रोप्रायटरी ब्लेंड'. म्हणजे आत काय किती घातलंय, ते आम्ही सांगणार नाही! कालपरवापर्यंत याच घरात खुराक म्हणजे वाटलेले बदाम घातलेलं दूध होतं.

त्या बाबांना मी दोष देत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा, दहावी-बारावीला वाढीव गुण. कुठला बाप हा हिशेब करणार नाही?

पण अशा डब्यातून किंवा औषधातून बंदी असलेलं काही पोटात गेलं, तर ते डोपिंग. डोपिंग म्हटलं की आपल्याला परदेशातले मोठे खेळाडू आठवतात. पण आपला क्रिकेटपटू पृथ्वी शॉ, त्याच्यावर २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी आली, ती टर्ब्युटालिनपायी. खोकल्याच्या औषधात असतं ते. मुद्दाम घेतलं नाही, हे क्रिकेट मंडळानंही मान्य केलं, तरी शिक्षा चुकली नाही. त्याहून जिवाला लागते ती रुमानियाची आंद्रेआ रादुकान. सिडनी ऑलिंपिक, २०००. सोळा वर्षांची जिम्नॅस्ट, सर्दी झाली म्हणून संघाच्या डॉक्टरनं गोळी दिली. गोळीत स्यूडोएफेड्रिन. ऑल-अराउंडचं सुवर्णपदक काढून घेतलं. डोपिंगच्या नियमांत शरीरात काय सापडलं ते आधी बघतात. कुणी दिलं, का दिलं, हे नंतर.

हे झालं नकळत घेतलेल्याचं. जाणूनबुजून देणारेही आपल्या गल्लीत आहेत. मेफेन्टरमाइन हे ऑपरेशनच्या वेळी रुग्णाचा रक्तदाब घसरला तर द्यायचं इंजेक्शन. ते जिमच्या पोरांना विकताना पोलिसांनी कुणाला पकडल्याची बातमी आपल्याकडे वरचेवर येते. हृदयाचे ठोके उसळतात, पोराला वाटतं ताकद आली. स्टेरॉइड तर वाढत्या वयात फारच वाईट. हाडांची टोकं वेळेआधी जुळतात आणि उंची तिथंच थांबते. मुलीचा आवाज घोगरा झाला, तर औषध सोडल्यावरही तो बहुधा पूर्वीसारखा होत नाही. दादा हे सांगत नाही. त्याला तरी कुठं माहीत असतं?

तेव्हा एवढं करा. साध्या तापाला डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य हे असू द्या: "पोरगी स्पर्धेत खेळते." डॉक्टर रागावत नाहीत. औषधाचं नाव नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या, ॲपवर तपासा, आणि दरवेळी तपासा, कारण बंदीची यादी दर १ जानेवारीला नवी लागू होते. दम्यासारखा आजार असेल आणि यादीतल्या औषधावाचून भागतच नसेल, तर रीतसर परवानगी मिळते. चोरून घ्यायची गरज नाही. आणि कधी चाचणीला बोलावलंच, तर अठराच्या आतल्या मुलासोबत मोठ्या माणसाला थांबता येतं. तुम्ही थांबा. अनोळखी माणसासमोर लघवीचा नमुना द्यायचा म्हणजे मुलं पार कावरीबावरी होतात.

त्या दिवशी हे सगळं त्या बाबांना सांगून मी डबा परत त्यांच्या हातात दिला. म्हटलं, पोराला देऊ नका, फेकून द्या. ते उठले. पोरगा मात्र खुर्चीतच बसून राहिला, टेबलावरच्या प्लास्टिकची कड नखानं उचकटत.

"सर, मी घेतोय. दोन आठवडे झाले."

बाबा मटकन खाली बसले. "अरे, मग मला सांगायचं नाही का?"

पोरानं मान वर केली नाही. "जिल्ह्याला चौथा आलो, तेव्हा घरी येईपर्यंत तुम्ही गाडीवर एक शब्द बोलला नाहीत."