गोगलगाईच्या शंखाला खड्डे का पडतात?

प्रश्न : आमच्या २० लिटरच्या फिशटँकमध्ये दोन पिवळ्या मिस्टरी गोगलगाई आहेत. त्यांचे शंख टोकाकडून पांढरे पडून झिजत आहेत. औषध घालावे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : औषध अजिबात घालू नका. माशांच्या अनेक औषधांत तांबे असते आणि ते गोगलगाईंना विषासारखे असते. त्याच कारणाने तांब्याच्या हंड्यातले पाणीही टँकमध्ये ओतू नका.

तुमच्या वर्णनावरून कॅल्शियमची कमतरता दिसते. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो. पाणी मृदू किंवा आम्लधर्मी असले, की तो हळूहळू विरघळतो. पाण्याचा पीएच तपासा. तो ७ ते ८ च्या दरम्यान हवा. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेसाचा छोटा तुकडा धुऊन टँकमध्ये ठेवा. पालकाचे पान किंवा काकडीची चकती किंचित उकडून द्या आणि उरलेले दुसऱ्या दिवशी काढून टाका. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. नळाचे पाणी क्लोरीन काढूनच वापरा.

झिजलेला भाग भरून येत नाही, पण कडेला येणारी नवी वाढ मजबूत येईल. टँकवर झाकण ठेवा, कारण या गोगलगाई रात्री बाहेर चढतात. पाण्याच्या वर काचेवर गुलाबी अंड्यांचा घोस दिसला आणि पिल्ले नको असतील, तर तो लगेच काढा.

एक कळकळीची विनंती : ही परदेशी जात आहे. नकोशी झाली तरी ती नदीत, तळ्यात किंवा विहिरीत कधीही सोडू नका.