बेणे कुठले? हे आधी विचारा



बेणे आणताना आपण डोळे बघतो, कांडीची जाडी बघतो, भाव विचारतो. पण ते कुणाच्या फडातले, कितव्या पिढीचे, हे विचारणारे थोडेच. या प्रश्नाचे मोल किती, हे फ्रान्समधल्या एका जंगलावरून समजून घेऊ.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, समुद्रालगत लांद नावाचा रेताड मुलूख आहे. पूर्वी तिथे पावसाळी पाणी साचायचे आणि मेंढपाळ उंच काठ्यांवर चढून मेंढरे राखायचे. १८५७ साली कायदा झाला. चर खणून पाण्याचा निचरा केला आणि समुद्रकाठचा पाइन लावला. आपल्या हिमालयातल्या चिडाच्या नात्यातलेच हे झाड. त्यातून राळ निघते, लाकूड मिळते. पुढे सुमारे १० लाख हेक्टरांचे जंगल उभे राहिले. त्यातले बहुतेक खासगी मालकांचे, म्हणजे तिथे ते शेतीसारखेच पीक आहे.

१९४० नंतरच्या दशकात मोठमोठ्या आगी लागल्या. १९४९ च्या एका आगीत तर ८२ माणसे गेली. पुन्हा पेरणी करायची तर स्थानिक बी पुरेना. मग पोर्तुगाल-स्पेनकडचे बी आणले. झाड त्याच जातीचे, रोपही हिरवेगार. वरवर बघून कुणाला फरक कळणार?

फरक दाखवला थंडीने. जानेवारी १९८५ मध्ये कडाक्याची थंडी पडली, पारा शून्याखाली पंधरा अंशांच्याही खाली गेला. बाहेरच्या बियाण्याची हजारो हेक्टर झाडे वाळून गेली. शेजारची स्थानिक वाणाची झाडे मात्र बहुतेक तगली. कारण उघड आहे. उबदार मुलखात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या झाडाच्या अंगी थंडी सोसण्याचा गुण कमी. पण हा हिशेब चुकता व्हायला तीस-पस्तीस वर्षं लागली!

मग ओळखायचे कसे? शास्त्रज्ञांनी राळ तपासली. राळेतल्या सुगंधी द्रव्यांचे प्रमाण आनुवंशिक असते. त्यावरून झाड लांदचे की पोर्तुगालचे, हे सांगता येते. बोर्दोजवळच्या पिएरोतों येथील केंद्रात १९६० च्या सुमारास निवडीचे कामही सुरू झाले होते. सरळ आणि जोमदार झाडे निवडून, त्यांच्या संकरातून बीजबागा उभारल्या. दुसऱ्या पिढीच्या बियाण्याने वाढीत आणि खोडाच्या सरळपणात सुमारे ३० टक्के सुधारणा दिली. युरोपीय संघाने १९९९ साली वनबियाण्याला उगमाचा दाखला सक्तीचा केला.

आता आपल्याकडे वळू. ऊस तीस वर्षे उभा राहत नाही, हे खरे. पण गवताळ वाढ आणि काणी हे रोग बेण्यातूनच पुढच्या लागणीत जातात. बांधावरून फड निरोगी दिसतो, आणि रोग खोडव्यात उफाळून येतो. तेव्हा खत, पाणी, मेहनत सगळी वाया.

म्हणून आमचे सांगणे असे:

१. बेणे मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा क्रमाने वाढवलेल्या बेणेमळ्यातूनच घ्या.
२. दहा-अकरा महिन्यांचे निरोगी बेणे वापरा. खोडव्याचे बेणे नको.
३. बेणे कुठून आणले, कोणता वाण, लागण कधी केली, हे वहीत लिहून ठेवा.

पाइनवाल्याला उगम कळायला राळ तपासावी लागली. आपल्याला वहीचे एक पान पुरेल.