आर्त आणि इच्छा

‘तुला काय हवे?’ असे कोणालाही विचारले तर उत्तर तत्काळ मिळते. शेतकऱ्याला पाऊस हवा असतो, विद्यार्थ्याला यश, रोग्याला आरोग्य, आईला मुलाचे कल्याण. परंतु त्याच मनुष्याला पाच वर्षांनी तोच प्रश्न विचारला तर उत्तर बदललेले आढळते. आणि मागच्या उत्तरातील वस्तू दरम्यान पदरात पडलेली असली तरी मागणे काही संपलेले नसते. जी वस्तू मिळाल्यावरही मागणे उरते, ती वस्तू त्याला खरोखर हवी होती काय? साधकाने हा प्रश्न दुसऱ्या कोणाला नव्हे, स्वतःलाच विचारावयाचा आहे. मनात येऊन जाणाऱ्या मागणीला येथे ‘इच्छा’ म्हटले आहे. आणि दुसरे काहीही मिळाले तरी जी शमत नाही, त्या जीवाच्या ओढीला ‘आर्त’ म्हटले आहे. या दोहोंचा निवाडा करणे म्हणजेच आत्मपरीक्षण होय.

या प्रश्नाचे मूळ सिद्धान्तातच आहे. ब्रह्मविद्येने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ सांगितले. त्यांत देवता नित्यबद्ध, प्रपंच अनित्य, परमेश्वर नित्यमुक्त आणि जीव बद्धमुक्त. जीव बद्ध आहे खरा, पण तो सुटू शकतो. ज्या इच्छांनी तो बांधला गेला, त्या त्याच्या स्वरूपाच्या असत्या तर सुटकेची गोष्टच उरली नसती. अनादि अविद्येमुळे व अन्यथाज्ञानामुळे त्या त्याला आपल्या वाटतात, एवढेच. म्हणून ‘हे मला हवे’ असे मन म्हणते तेव्हा ‘हे’ काय आहे यापेक्षा ‘मला’ हा शब्द कोण उच्चारतो, हे आधी पाहावे लागते.

याविषयी दृष्टान्त असा : एक शेतकरी मृगापूर्वी आठवड्याच्या बाजाराला निघाला. त्याच्या वखराची पास झिजून गेली होती. नवी पास आणावयाची आणि पावसाआधी रान तयार करावयाचे, एवढेच त्याचे काम होते. बाजारात शिरताच कापडाच्या दुकानापुढे गावच्या मंडळींची गर्दी दिसली. त्यानेही लुगडे घेतले. पुढे भांडी स्वस्त मिळत होती. शेजाऱ्याने घेतली म्हणून यानेही घेतली. मुलांसाठी खाऊ घेतला. लोहाराच्या पालापर्यंत पोहोचला तेव्हा दिवस मावळला होता आणि कनवटीला पैसा उरला नव्हता. घरी आल्यावर बायकोने गाठोडे सोडले, सर्व वस्तू पाहिल्या आणि विचारले, ‘अहो, पास कुठं आहे?’ त्या रात्री पहिला पाऊस पडला.

दार्ष्टान्तिक असे : शेतकऱ्याने वाईट वस्तू एकही घेतली नाही. लुगडे घरात लागतच होते, भांडीही कामाचीच होती. चूक एवढीच झाली, की आपण कशासाठी निघालो हे त्याला आठवले नाही, आणि दुसऱ्याच्या हातातील वस्तू पाहून त्याची गरज ठरत गेली. मनुष्यदेहाचा बाजार असाच आहे. मान, घर, संतती, विद्या, लौकिक, यांत निंद्य असे काही नसेलही. परंतु गाठोडे भरले म्हणजे काम झाले असे नव्हे. आपल्या इच्छांपैकी किती स्वतःच्या आणि किती गर्दी पाहून आलेल्या, हे ज्याने एकदा तपासून पाहिले, तो पुढच्या बाजारात तरी सावध होतो.

केवळ ऐहिक इच्छाच उसन्या असतात असे मात्र समजू नये. वैराग्याची इच्छाही उसनी असू शकते. आणि परमार्गात येऊ पाहणाऱ्याने हेच अधिक काळजीने पाहावयाचे आहे. श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभ याची साक्ष देतो. रणांगणावर स्वजनांना पाहून अर्जुनाचे धनुष्य गळले. मला विजय नको, राज्य नको, सुख नको असे तो म्हणाला. गुरुजनांना मारण्यापेक्षा भिक्षा मागून जगणे बरे, असेही म्हणाला. हे शब्द तेवढेच ऐकले तर तो थोर विरक्त वाटेल. परंतु भगवान श्रीकृष्णचक्रवर्तींनी त्या शब्दांना वैराग्य मानले नाही. त्यामागचा शोक आणि मोह त्यांनी उघडा केला. अर्जुनाला भिक्षा हवी नव्हती, त्याला दुःखापासून पळ हवा होता. माझे चित्त गोंधळले आहे, मला शिकवा, असे तो दुसऱ्या अध्यायात म्हणाला आणि तेथून त्याचे खरे ऐकणे सुरू झाले. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस त्याने मोह गेल्याचे सांगितले, तेव्हा त्याचे मागणे एकच उरले होते : आपण सांगाल तसे करीन.

एखाद्या वासनिकाचा भावाशी बांधावरून तंटा होतो, किंवा घरात अकाली मृत्यू घडतो, आणि तो आश्रमात येऊन म्हणतो, ‘आता मला संसार नको, मला दीक्षा द्या.’ त्याचे अश्रू खोटे नसतात. दुःख हे अनुतापाचे द्वारही होऊ शकते, म्हणून त्याला तुच्छ लेखू नये. परंतु ‘संसार नको’ आणि ‘परमेश्वर हवा’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले खरे असूनही दुसरे खरे नसू शकते. तंटा मिटला, जखम भरली, की पहिले वाक्य विरून जाते. आणि दुसरे तेथे नसेल तर अंगावरचा वेष तेवढा उरतो. म्हणून जाणत्याने त्याला ‘काही महिने थांब, सेवा कर, ऐक’ असे सांगितले तर तो नकार नव्हे, त्याच्याच आर्ताची राखण होय. ज्याने अनुसरण घेतले आहे त्यालाही ही तपासणी सुटत नाही. घर सोडल्यावर मठाची इच्छा, नाते सोडल्यावर शिष्यसमुदायाची इच्छा, धन सोडल्यावर मानाची इच्छा अशी जुनीच इच्छा नवे वस्त्र नेसून येते. ती ओळखणे संसारी मनुष्यापेक्षा संन्याशाला कठीण जाते, कारण तिने धर्माचे वस्त्र नेसलेले असते.

आद्य लीळाकार म्हाइंभटांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. ते सराळ्याचे विद्वान, संपन्न ब्राह्मण. शास्त्राचा अभ्यास दांडगा आणि त्या अभ्यासाचा अभिमानही तेवढाच. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींकडे ते आले ते शिष्य होण्यासाठी नव्हे, वादात जिंकण्यासाठी. त्या वेळी ‘तुम्हाला काय हवे?’ असे कोणी विचारले असते तर ‘जय’ हेच उत्तर मिळाले असते. स्वामींच्या सन्निधानात तो अभिमान टिकला नाही. पुढे त्यांनी अनुसरण घेतले. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर श्रीनागदेवाचार्य ऋद्धिपुरी एकांतात स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत असत. या लीळा पुढच्यांसाठी राहाव्यात, अशी तळमळ म्हाइंभटांना लागली. आचार्यांना विचारून आणि ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले त्यांच्याकडून मिळवून त्यांनी त्या लिहिल्या. शके १२०० च्या सुमारास सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणून मान्यता पावले. जिंकण्यासाठी बोलत आलेला मनुष्य पुढे ऐकण्यासाठी दारोदार गेला. विद्या तीच, बुद्धी तीच, कष्टाळूपणाही तोच. बदलले ते एवढेच, की हे सर्व कशासाठी आहे हे त्यांना कळले. खरे आर्त सापडले म्हणजे मनुष्याचे सामर्थ्य वाया जात नाही. ते आपल्या जागी येऊन बसते.

मग हे ओळखावे कसे? आचारधर्मात विजनाला स्थान आहे ते यासाठीही. निर्जन स्थळी एकट्याने बसले असता गर्दीतून आलेल्या इच्छांना टेकण्यास जागा मिळत नाही. वासनिकाला रान लांब पडत असेल तर पहाटेची, घर जागे होण्यापूर्वीची घटका त्याला पुरेशी आहे. स्मरणानंतर त्याने आपल्या इच्छेला तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू मला मिळाल्याचे कोणालाही कधीच कळणार नसेल, तरी ती मला हवी आहे काय? जी इच्छा या प्रश्नाने मावळते ती लौकिकाची होती. ही मिळाल्यानंतर मी काय मागेन? पुढचे मागणे लगेच तयार असेल तर पहिले केवळ पायरी होते. आणि हिच्यासाठी मी काय सोडण्यास सिद्ध आहे? ज्यासाठी काहीच सोडवत नाही, ते तोंडाने कितीही मागितले तरी जीवाने मागितलेले नसते. उत्तरे एका दिवसात मिळत नाहीत. परंतु रोज विचारणाऱ्याशी मन फार दिवस खोटे बोलू शकत नाही.

येथे एक शंका येते. जीव अज्ञानी, मग त्याने स्वतःच्या विचाराने आपले हित शोधावे कसे? शंका योग्य आहे. आत्मपरीक्षणाने ज्ञान होत नाही. ज्ञान देणारा परमेश्वर एकच. देवताही फळे देतात, पण ती फळे संपणारी असतात. आत्मपरीक्षणाचे काम शेत नांगरणाऱ्याचे आहे, पाऊस पाडणाऱ्याचे नव्हे. पाऊस त्याच्या हाती नाही. परंतु रान तयार नसेल तर पडलेला पाऊसही वाहून जातो. आपले मागणे काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढे दाता उभा राहिला तरी तो लुगडे आणि भांडीच मागेल.

महदाइसेने आपल्या धवळ्यांत श्रीकृष्ण-रुक्मिणीचा विवाह गायिला. त्या कथेतील राजकन्येसाठी भावाने वर निवडला होता, मंडप सिद्ध होता, नगर सजले होते. तिने काय इच्छावे हे सर्वांनी ठरविले होते. तिला मात्र आपले आर्त ठाऊक होते. म्हणून तिने कोणाशी वाद घातला नाही, श्रीकृष्णांकडे निरोप तेवढा धाडला. जीवाची स्थिती याहून वेगळी नाही. सभोवार मंडप सजलेलाच असतो. त्या गलबल्यात आपला निरोप कोणाकडे धाडावयाचा, हे ज्याला उमगले, त्याला आपल्याला काय हवे ते कळले, असे म्हणावे.