तांबडी भिंत कीं निळी भिंत?

मुलांच्या अभ्यासाच्या खोलीस कोणता रंग द्यावा, हा प्रश्न बहुधा दुकानांतील नमुन्यांवर बोट ठेवून सोडविला जातो. परंतु नमुन्यावरचा रंग भिंतीवर तसाच राहत नाहीं. उदाहरणादाखल आपण गेरूचा तांबडा आणि निळीचा निळा हे दोन विरुद्ध रंग घेऊं.

गेरूचा तांबडेपणा लोहाच्या गंजासारख्याच द्रव्यामुळें येतो. निळी पूड पूर्वीं लाजवर्द नांवाचा मौल्यवान दगड कुटून काढीत. ती कृत्रिम रीतीनें केल्याबद्दल फ्रान्समधील गिमे यांस १८२८ सालीं पारितोषिक मिळालें. दोन्ही रंग चुन्यांत टिकतात. ‘प्रशियन’ निळा मात्र चुन्यानें बिघडतो. तो घेऊं नये.

तांबडी भिंत मुख्यतः तांबडे किरण परत पाठविते व इतर गिळते. निळीचें याच्या उलट. कंदिलाच्या उजेडांत निळे किरण थोडे, म्हणून रात्रीं निळी भिंत काळपट दिसते आणि गेरूची खुलते. हल्लींच्या शुभ्र विजेच्या दिव्यांखालीं हा फरक पुष्कळ कमी होतो.

तिन्हीसांजेस मात्र नवल घडतें! दिवा लावण्यापूर्वीं तांबडें व निळें अशीं दोन फडकीं शेजारीं ठेवून पाहावीं. अंधार दाटतां तांबडें काळें पडतें, निळें मागें उजळ राहतें. पुर्किन्ये या बोहीमियन शास्त्रज्ञानें १८२५ सालीं हा प्रकार नमूद केला. मंद प्रकाशांत डोळ्यांतील ज्या दंडाकृति पेशी काम करितात, त्यांस तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवतच नाहीं.

तथापि ज्या घरांत खिडकी एक व दिवाही एकच, तेथें रंगापेक्षां त्याचा गडदपणा अधिक महत्त्वाचा. ताज्या चुन्याची भिंत पाऊण हिश्श्याहून अधिक उजेड परत देते. गडद निळी पाव हिस्साही देत नाहीं, आणि तो तोटा वाचणाऱ्याच्या डोळ्यांस सोसावा लागतो. म्हणून रंग कोणताही असो, चुना भरपूर असावा. उत्तरेकडील मंद उजेडाच्या खोलीस आम्ही फिकट गेरू पसंत करूं. पश्चिमेच्या उन्हाच्या खोलीस फिकट निळा. निळ्यानें खोली थंड होते म्हणतात. मनास तसें वाटत असेल, पण उष्णतामापकास त्याची वार्ता नसते.

खर्च करण्यापूर्वीं पालकांनीं भिंतीवर दोन्ही रंगांचे हातभर पट्टे ओढावे. ओला चुना गडद भासतो, तेव्हां ते पुरते वाळूं द्यावे. मग सकाळीं, सांजवेळीं व दिवा लागल्यावर, जो मुलगा वा मुलगी तेथें बसणार त्यासच पुस्तक उघडून बसवावें आणि विचारावें.